मूठभर गव्हाची सूट

हेमकांत पाटील नोकरीत नेमकं काय करतो, हे सावळखेड्यात कुणाला कधी धड सांगता आलं नाही. त्याचे थोरले भाऊ भिला पाटील पारावर बसून छाती फुगवून सांगत, "आमना हेमकांत अणुवीजवाल्यासले सूट देस." एवढ्यावर गावाने ठरवून टाकलं, की हा वीज मंडळातला कुणी बडा माणूस आहे. मग हेमकांत एखाद्या लग्नाला दोन घटका गावात आला, की मांडवातच कुणीतरी त्याला गाठायचं. शेतातली डीपी जळाली आहे, साहेबांनी एक फोन लावावा. हेमकांत चष्मा पुसत समजावायचा, की तो वीज देत नाही, तोडत नाही, विजेचा आणि त्याचा तसा संबंधच नाही. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "काम करानं नही तं सरळ सांगा ना, भाऊ."

खरं काम असं होतं. अणुवीज केंद्रात हजारो नळ्या असतात आणि नळ्यांना सांधे. महत्त्वाचा प्रत्येक सांधा ठरावीक काळाने आतून तपासायचा, हा नियम. पण काही सांधे अशा सांदीत असतात, की तिथे यंत्र पोचत नाही, आणि माणूस पाठवावा तर त्याच्या अंगावर किरणोत्सर्ग येतो. अशा वेळी केंद्र नियामकाकडे अर्ज करतं, की या एवढ्या सांध्यापुरती आम्हाला सूट द्या. नियामकाच्या मुंबईतल्या कार्यालयात हे अर्ज हेमकांतच्या टेबलावर येत. त्याने उभा जन्म त्यांतच काढला.

अर्ज उशीएवढा जाड असो, त्यातलं गणित कितीही घनघोर असो, हेमकांत शेवटचं पान उलटून एकच विचारायचा. "बरं, नाही तपासणार. त्याच्या बदल्यात काय करणार?" बदल्यात काही भरीव असेल तर सूट, नसेल तर अर्ज आल्या वाटेने परत. ऑफिसात त्याचं नावच 'बदल्यातले पाटील' पडलं होतं. घरीही तेच. प्रतिभाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा जाहीर केलं, "आज स्वयंपाक होणार नाही." याने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "बदल्यात काय?" तिने बदल्यात जे सुनावलं, ते बरेच दिवस पुरलं.

हा प्रश्न हेमकांतने कुठल्याशा परदेशी अभ्यासक्रमात उचलला असावा, असं ऑफिसातल्या धाकट्यांना वाटे. तो प्रश्न खरं तर सुंदरबाईचा होता. त्याच्या आईचा.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, मळवट लावून बाईला सजवायचं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. सावळखेड्याच्या या पाटलांकडे त्यात एक जादा कलम होतं. ज्याच्या नावाची मूठ, त्यानेच ती आपल्या हाताने सुपात टाकायची. ही रीत कुणी घातली हे विचारायची सोय नव्हती, कारण ती सांभाळायला सुंदरबाई बसलेली असे. अंगाने चिमणीएवढी, आवाजाने नगाऱ्याएवढी. तिच्यापुढे सूप घेऊन उभे राहिलेले मिशाळ पाटील शाळेतल्या पोरांसारखे हात धुतलेले दाखवत.

नोकरीत बढती मिळाली त्या वर्षी हेमकांतने पहिल्यांदा फोन केला. "माय, औंदा मन्हं येनं व्हवाव नही. मोठी मीटिंग शे."

पलीकडून सुंदरबाई म्हणाली, "बरं. मंग त्येना बदलामा काय करशी?"

तोडगाही तिनेच काढला. "तुन्हा हातनी मूठ धाडी दे. दुसरा कोनी हात लावाले नको."

तेव्हापासून दर श्रावणात मुंबईहून मूठभर गहू सावळखेड्याला जाऊ लागले. फडक्यात गाठ मारलेली पुरचुंडी, नेणारा उदेसिंग, शहाद्याच्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर. "सायेब, सीट देऊ का स्लीपर?" असं तो दर वेळी विचारायचा आणि स्वतःच हसायचा. पण पुरचुंडी आपल्या डब्याशेजारी ठेवून न्यायचा आणि सुंदरबाईच्या हातातच द्यायचा. सोमवारी हेमकांत फोन करी. "माय, गहू पोचनात ना?" ती सांगे, "पोचनात." की झालं. एका वर्षाची सूट मंजूर. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पुरचुंडी.

या वर्षांत सुंदरबाईची नजर जात होती. हे हेमकांतला ठाऊक नव्हतं, आणि घरच्यांना चुकीचं ठाऊक होतं.

भिला पाटलांचं निदान ठाम होतं. मोतीबिंदू. आणि मोतीबिंदू आंब्यासारखा असतो, कच्चा उतरवायचा नसतो, हेही तितकंच ठाम. "पिकू दे, पिकना का काढसूत," असं ते वर्षानुवर्षं सांगत, जणू घरात अढीच घातली होती. त्यांची बायको सिंधुबाई अधूनमधून म्हणे, "डाक्टरले दखाडी तं देखूत." पण सुंदरबाई स्वतःच आडवी येई. "हेमा येई, तो माले लई जाई, तवयच दवाखाना." आणि वर ताकीद, "त्याले फोनवर काही सांगानं नही. घाबरीसन पयत येई. त्यानी कानबाईले येवाले पाहिजे, मन्हा डोयासले नही."

घर तिला पाठ होतं. चुलीपासून रांजण, रांजणापासून उंबरा, उंबऱ्यापासून ओटा. फोनवर तर ती पूर्वीपेक्षा खणखणीत. शिव्या ताज्या, आठवण तल्लख, सगळ्या गावाची बित्तंबातमी तोंडावर. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही झिरपताना दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कानबाईला चांदीचे डोळे लावायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे सुंदरबाईचा. आणि थोरलीने एकदा लावलेला डोळा कुणी हलवायचा नाही. एका वर्षी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कानबाईचा फोटो आला, त्यात बाई किंचित तिरळी होती. पुढच्या वर्षी एक डोळा गालावर उतरला. भाच्यांनी, पुतण्यांनी हसून हसून लोळण घेतली. हेमकांतनेही मुंबईतून लिहिलं, "बाईला चष्मा लावा." त्याच्या त्या वाक्याला ग्रुपवर फार दाद मिळाली.

उदेसिंगनेही एकदा सुंदरबाईचा किस्सा हसतच सांगितला होता, "सायेब, माजीनी औंदा माले भिलाभाऊ समजीसन शिव्या देल्यात. सगळ्या ऐकी लिध्यात मी. मंग सांगं, माजी, मी उदेसिंग." त्यावर हेमकांतही खो खो हसला.

मग आलं गेल्या वर्षीचं ते प्रकरण.

एका अणुवीज केंद्राचा अर्ज आला. कुठलं केंद्र, याला महत्त्व नाही. संरक्षक भिंतीच्या मागे, आधारांच्या जंजाळात एक सांधा होता. नियमाप्रमाणे ध्वनिलहरींनी तो आतून तपासायचा. केंद्राचं म्हणणं, जागा अडचणीची, आधार कापावे लागतील, माणसांवर किरणोत्सर्ग येईल. बदल्यात नळीत नेहमीपेक्षा जास्त दाब भरू आणि बाहेरून कुठे पाझर दिसतो का ते पाहू. अर्ज सुबक होता. बदल्यातला उपायही ठरीव होता. हेमकांतने पेनाचं टोपण काढलं, आणि त्याच्या लक्षात आलं, की हा सांधा आपल्या ओळखीचा आहे. मागच्या फेरीतही याच सांध्याला सूट मिळाली होती. त्याच्या मागच्याही. कारण तेच, बदल्यातला उपाय तोच, आणि खाली सही बदल्यातल्या पाटलांची.

त्याच संध्याकाळी त्याने आईला नेहमीचा फोन लावला. औंदाही जमणार नाही, गहू पाठवतो.

"नही," सुंदरबाई म्हणाली.

"काय नही?"

"सूट नही. एक सालनी सूट, ती सूट शे. दर सालले सूट, मंग ते येवानंच नही. गहू येस, तू येत नही. गहूनं तोंड देखू का मी?"

तिचं बोलणं हेमकांतच्या थेट काळजात घुसलं. आणि तिथून, दुर्दैव असं, की ते सरळ ऑफिसात गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने शेरा लिहिला. सूट एकदा दिली तर ती सूट असते. तीच सूट, त्याच कारणासाठी, दर फेरीला दिली, तर तो सांधा कधीच तपासायचा नाही असं आपण ठरवून टाकलेलं असतं. पाझर दिसत नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे, हे आपल्याला ठाऊक नाही, नुसतं वाटतं. सबब अर्ज नामंजूर.

कार्यालयात त्या शेऱ्याची वाहवा झाली. वरिष्ठांनी तो बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. हेमकांत लाजला, चष्मा पुसला, आणि हे वाक्य आपल्या आईचं आहे हे सांगायचं त्याच्या जिभेवर आलेलं तसंच राहिलं. केंद्राने अर्थातच फेरविचार मागितला. मोठी सुनावणी ठरली. ती आली नेमकी कानबाईच्या रविवाराला लागून.

आता नामंजुरीच्या शेऱ्याचा धनीच सुनावणीला नसेल, तर कसं चालेल? हेमकांतने आईला पुन्हा फोन केला. अजीजी केली. या खेपेला शेवटचं, पुढच्या वर्षी नोकरीच संपते, मग दर साल येईन. सुंदरबाई म्हणाली, "बरं." एवढंच. बदल्यात काय, हे तिने पहिल्यांदाच विचारलं नाही. हेमकांतने आपणहून गहू बांधले आणि उदेसिंगकडे दिले.

सुनावणी त्याने जिंकली. केंद्राने कुरकुरत एक चिमुकलं सरपटतं यंत्र बनवून घेतलं, आधारांच्या फटींतून आत सोडलं, आणि हिवाळ्यात केंद्र बंद असताना सांधा आतून तपासला. सांधा ठणठणीत निघाला. केसाएवढीही भेग नाही. केंद्राचे मुख्य अभियंता फोनवर म्हणाले, "काय पाटीलसाहेब, झालं समाधान? एवढा खटाटोप करून निघालं काय, तर काहीच नाही!"

"झालं ना समाधान," हेमकांत म्हणाला. "आता ठाऊक आहे."

यंदा तो निवृत्त झाला आणि श्रावणात नंदुरबारच्या फलाटावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ सूट मागायला कारणच उरलं नव्हतं. रिक्षा, मग जीप, दोन्हीकडे कपाशीची हिरवी रानं. ओट्यावर सुंदरबाई बसलेली. पायऱ्यांवर पाऊल वाजताच तिने मान वर केली आणि म्हणाली, "उना का रे सायेब? का गहू लईसन उदेसिंग उना?"

सगळे हसले. सिंधुबाईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. हेमकांत आईच्या पाया पडला, तर तिने त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. बराच वेळ. त्याला वाटलं, माया.

संध्याकाळी ती कानबाईचे डोळे चिंचेने घासत बसली होती. तो समोर मांडी घालून ऑफिसातल्या गमती सांगत होता. सांगता सांगता तिच्या बोटांतून एक डोळा निसटला आणि तिच्याच पायाशी, दिव्याच्या ऐन उजेडात पडला. लखलखीत चांदी, काळी फरशी. ती चाचपू लागली. उजवीकडे. डावीकडे.

"माय, समोर तं शे."

"कोठे?"

बोटं डोळ्याच्या दोन्ही अंगांनी फिरून गेली. हेमकांतने तो उचलून दिला नाही. तो पाहत राहिला. मग त्याने आपला पंजा हळूच तिच्या तोंडासमोर धरला आणि हलवला. ती चांदीचा डोळा शोधत राहिली.

"दादा," त्याने आत हाक मारली.

भिला पाटील पंच्याने हात पुसत आले. "मोत्या शे रे. पिकाले टाकेल शे. तू उना, आते काढी लेसूत."

दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने सुंदरबाईची हनुवटी यंत्रावर टेकवली, बराच वेळ आत पाहिलं, आणि हेमकांतला बाजूला घेतलं. मोतीबिंदू आहे, पण किरकोळ. खरा रोग काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढत जातो. दुखत नाही, बाहेरून काही दिसत नाही, पण आतली शीर वाळत जाते.

"दाब," हेमकांत म्हणाला.

"हो. मधूनमधून नुसता दाब तपासला असता, तरी कळलं असतं. दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतंत, तर थेंब घालून नजर राखता आली असती. गेलेली मात्र परत येत नाही. आता नुसता उजेड-अंधार कळतो त्यांना."

हेमकांतच्या तोंडून सवयीने गेलं, "त्याच्या बदल्यात काय करता येईल?"

डॉक्टरने डोकं हलवलं. "बदल्यात काही नाही हो."

इतकी वर्षं तो हा प्रश्न लोकांना विचारत आला होता. 'काही नाही' असं उत्तर कुणी दिलं की तो शांतपणे अर्ज परत करायचा. हे उत्तर कुणाकडे परत करावं, ते त्याला कळेना. तो चष्मा काढून पुसत राहिला. काचा स्वच्छ होत्या.

परतीच्या जीपमध्ये भिला पाटील खिडकीबाहेर पाहत होते. एवढा बोलका माणूस, पण वाटेत एकदाही आंब्याचं नाव काढलं नाही. सुंदरबाईने हेमकांतच्या मांडीवर हात ठेवला.

"डाक्टर काय म्हने, ते सांगू नको. माले मालूम शे."

"माय, तू सांगं कशी नही? दर सालले फोन व्हता ना!"

"तू काय पुसे? गहू पोचनात का, म्हने. पोचनात, म्हनू मी. खोटं कधी सांगं नही."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

रविवारी सकाळी सूप मांडलं. एकेक पुरुष मूठ टाकून गेला. हेमकांतची पाळी आली, तेव्हा सुंदरबाईने त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या मुठीतून गहू सुपात पडताना नुसतं ऐकलं. मग चौरंगावर नारळ ठेवला. नथ झाली, मळवट झाला. डोळ्यांची वेळ आली. बायका गाणं थांबवून वाट पाहू लागल्या. सुंदरबाईने चांदीचे डोळे तळहातावर घेतले आणि ते हेमकांतपुढे केले.

"सायेब, औंदा माले सूट दे."

हेमकांत चष्मा काढून पुसू लागला.

"पुसत नही का रे? बदलामा काय, म्हनीसन?"

"काय, माय?"

"बदलामा तू लाव. आनी माले सांग, बाई कशी दिसस."

"बाईना मान शे हाऊ," सिंधुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "मानूस कसा लावी?"

"म्हनीसन तं सूट मांगी राह्यनू ना मी," सुंदरबाई गरजली. नगारा अजून शाबूत होता. "लाव रे."

हेमकांतने डोळे लावले. त्याला स्वतःलाच समोरचं धूसर दिसत होतं. लावून झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "नीट बसनात, माय. सरळ देखी राह्यनी बाई."

सुंदरबाईने अंगठा पुढे केला. नारळाच्या नाकावरून तो हळूहळू वर गेला, उजवीकडे वळला, मग डावीकडे. डावीकडे तो चढतच राहिला.

"कपायवर गया रे डावा डोया!" ती म्हणाली. "बठ्ठा जनम तपासनीमा गया तुन्हा, आनी पह्यलाच अहवाल खोटा?"

बायका हसल्या. भिला पाटील हसता हसता एकदम उठून बाहेर गेले. कुणीतरी डोळा सरळ करायला हात पुढे केला, तशी सुंदरबाईने बांगड्यांच्या आवाजावरून तो हात अचूक पकडला. लावलेला डोळा हलवायचा नसतो.

गाणं पुन्हा सुरू झालं. हेमकांत आईच्या शेजारी बसून तिला सांगू लागला. कोण कोण आलंय, सिंधुवहिनी कुठल्या रंगाचं लुगडं नेसली आहे, फुलोरा कसा टांगला आहे, समईची कुठली वात मंदावली आहे. ती मधूनमधून विचारायची, तो पाहून सांगायचा. आता काहीही न पाहता सांगत नव्हता.

"मन्हाकडे देखी राह्यनी का बाई?" तिने विचारलं.

हेमकांतने नीट पाहिलं. डावा डोळा आढ्याकडे लागला होता. उजवा मात्र सुंदरबाईवर होता.

"एक डोया देखी राह्यना, माय."

"मंग बस व्हयनं," ती म्हणाली आणि टाळ्या वाजवू लागली.